ब्रेकचा क्यू

त्या माणसाला सगळा हॉल एककाठी म्हणत असे आणि त्याला ते आवडत असे. यावरूनच काय तो माणूस ओळखावा. पूल खेळणारे बहुतेक लोक दोन क्यू, म्हणजे खेळायच्या काठ्या, बाळगतात, एक खेळायला आणि एक ब्रेकला. ब्रेक म्हणजे डावाचा पहिला फटका. त्रिकोणात घट्ट लावलेल्या बॉलांवर पांढरा बॉल जीव खाऊन हाणायचा आणि सगळ्यांची पांगापांग करायची. त्यानंतरचा सगळा खेळ हलक्या हाताचा. हा मात्र ज्या क्यूने ब्रेक करी त्याच क्यूने पुढचा डाव खेळे, आणि वर चहाच्या टेबलाशी बसून ज्याला त्याला ऐकवी, "हातात दम असला की एकाने भागतं. दुसरी काठी लागते ती म्हाताऱ्यांना."

मिस्त्रीण हे अकरा वर्षं ऐकत आली होती. हॉलच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून तिची खोली होती. वडील क्यू बनवायचे, त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे, म्हणून ही मिस्त्रीण. खोलीत एक जुनं लेथ, औषधांच्या रिकाम्या डब्यांत जाडीप्रमाणे लावलेल्या चामड्याच्या टिपा, सरसाची बाटली आणि खिळ्यांना अडकवलेले पॉलिश कागदाचे तुकडे. क्यूच्या टोकाची टिप झिजली, चपटी झाली की ती खरवडून नवी बसवायची, आणि वाकलेला क्यू सरळ होत नाही हे गिऱ्हाइकाला न भांडता पटवून द्यायचं, हा तिचा धंदा. पहिलं काम तिला छान जमे. दुसरं अजिबात जमत नसे.

लेथच्या वर भिंतीत दोन जाड खिळे होते. एकावर क्यूचा पुढचा निम्मा भाग टांगलेला, टोकापासून वीतभर उभा चिरलेला. दुसऱ्यावर एक जाडजूड, मुसळासारखा दिसणारा ब्रेकचा क्यू. नवं गिऱ्हाईक विचारायचं, हे मोडकं कशाला ठेवलंय? ती म्हणायची, "आठवण." आणि ती तोंड असं करायची की पुढे कुणी विचारत नसे.

दोन्ही क्यू बाबांनी तिच्या मोठ्या भावासाठी बनवले होते. खेळायचा बनवायला आठ महिने लागले. ब्रेकचा चार दिवसांत झाला, कारण त्याला नाजूकपणा नकोच होता. नुसतं दणकट लाकूड आणि दगडासारखी टिप. दादा तेव्हा हॉलमधला सगळ्यात चांगला खेळाडू होता आणि एककाठी त्याचा जिवलग मित्र. हे नाव त्याला तेव्हा पडलेलं नव्हतं. तो घरी जेवायला असायचा. मिस्त्रीण त्यालाही दादाच म्हणायची, हे आठवलं की तिला अजून जीभ घासून धुवावीशी वाटे.

त्या वर्षी फायनल या दोघांतच लागली. चार दिवस आधी त्याने दादाचा ब्रेकचा क्यू मागून नेला, दोन दिवस सरावाला म्हणून. दोनाचे चार दिवस झाले. आदल्या संध्याकाळी दादा आणायला गेला तर घराला कुलूप. फायनलच्या सकाळी बाबा स्वयंपाकघरात चहा पिता पिता म्हणाले, "या खेळायच्या क्यूने ब्रेक करू नकोस. हॉलमधली कुठलीही वाकडी काठी घे, पण याने नको. टोकाची कडी सोसणार नाही." दादा हो म्हणाला. मिस्त्रीण मोरीपाशी कप विसळत होती. तिने सगळं ऐकलं.

हॉलमध्ये मित्र म्हणाला, अरे, तुझा क्यू माझ्या घरीच राहिला बघ. आणि दादाने, वाकड्या काठीने ब्रेक करताना लोक काय म्हणतील म्हणून, त्या खेळायच्या क्यूनेच ब्रेक केला. चौथ्या ब्रेकला क्यू चिरला. मित्राने तो उचलला, दिव्यापाशी धरला, डोळा बारीक करून पाहिला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "लाकडात दोष नाही. म्हाताऱ्याचा हात गेलाय."

बाबा भिंतीशी उभे होते. त्यांनी दादाकडे पाहिलं. दादाने जमिनीकडे पाहिलं. मी नको सांगितलं होतं, एवढं एक वाक्य बाबा बोलले असते तर निभावलं असतं. पण मग मूर्ख ठरला असता दादा, म्हणून ते गप्प राहिले. आणि दादाही गप्प राहिला, तो कुणासाठी, ते त्याचं त्याला माहीत. या धंद्यात माणूस बुडायला एक वाक्य पुरतं. महिन्याभरात नवीन क्यू कुणी बनवायला सांगेना. बाबा रोज खोलीत यायचे, लेथ पुसायचे, दुपारी घरी जायचे. दोन वर्षं नुसतं पुसलं. तिसऱ्या वर्षी गेले.

ब्रेकचा क्यू फायनलच्या दुसऱ्याच दिवशी घरपोच आला. वर चिठ्ठीसुद्धा नव्हती.

आता गंमत अशी, की ते वाक्य बोलून बसल्यावर मित्राला दुसरा क्यू घेण्याची सोयच राहिली नाही. चांगला क्यू ब्रेकने चिरत नाही, म्हाताऱ्याचा वाईट होता म्हणून चिरला, असं तो चारचौघांत म्हणाला होता. त्याने स्वतः ब्रेकला वेगळा क्यू घेतला असता तर लोकांनी दोन आणि दोन चार केले असते. म्हणून मग एकाने भागतं. त्याचंच पुढे ब्रीद झालं, ब्रीदाचं नाव पडलं, आणि नाव पडल्यावर तर माणूस कामातूनच जातो.

अकरा वर्षं त्याने आपला क्यू मिस्त्रिणीकडे आणला नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक कारागीर होता, त्याच्याकडे नेई. त्या कारागिराचा हात भाजला आणि तो घरी बसला, म्हणून एका मंगळवारी एककाठी तिच्या दारात उभा राहिला.

"टिप बदलायची आहे," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळी हवा. रविवारी फायनल आहे."

"ठेवा," ती म्हणाली.

"सध्या नीट बसवतेस ना? का अजून शिकतेयस?"

"ठेवा," ती पुन्हा म्हणाली. भिंतीवरच्या खिळ्यांकडे त्याने पाहिलं नाही. न पाहण्याचे कष्ट मात्र त्याच्या मानेवर दिसत होते.

तो गेल्यावर तिने जुनी टिप खरवडली आणि टोकाची पांढरी कडी पुसून घेतली. टिपेच्या खाली बोटाच्या पेराएवढी ही कडी असते. फटक्याचा सगळा मार ती खाते, म्हणून आतलं लाकूड वाचतं. बाबांची एक रीत होती. कुठलाही क्यू आला की कडीवर निळ्या शाईचा थेंब टाकायचा, मिनिटभर थांबायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचा. कडी धड असली तर शाई निघून जाते. नसली तर सांगते.

शाई पुसली आणि केसाएवढी निळी रेघ मागे राहिली.

मिस्त्रिणीला आनंद झाला. खोटं कशाला बोला, इतका आनंद तिला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. तिने खुर्ची ओढली, बसली आणि ती रेघ पाहत राहिली. खेळायला हा क्यू अजून वर्षभर चालला असता. ब्रेकला फार तर दहा-पंधरा फटके, मग कडी फुटणार आणि लाकूड चिरणार. नवी कडी खणात होती. दोन तासांचं काम आणि सरस वाळायला एक दिवस. बाबांनी न विचारता बदलली असती आणि वर दोन शब्दही बोलले नसते. तिने खण उघडला, कडी हातात घेतली, परत ठेवली आणि खण बंद केला.

पण फसवायचं तिच्या मनात नव्हतं. फसवणं त्याला शोभलं असतं. टिप तिने अशी बसवली की आयुष्यात इतकी चांगली कधी बसली नसेल, कुणी भिंग लावून पाहिलं तरी बोट दाखवायला जागा नको. आणि दोष सांगायचा हे तर ठरलेलंच होतं. बाबांची दुसरी रीत तीच होती. दोष गिऱ्हाइकाला एकदा सांगायचा, स्पष्ट सांगायचा, आणि दुसऱ्यांदा सांगायचा नाही. दुसऱ्यांदा सांगितलं की त्याला वाटतं, हिला काम हवंय. फक्त बाबांनी एकच चूक केली होती. त्यांनी तो स्वयंपाकघरात सांगितला होता.

बुधवारी संध्याकाळी हॉल भरलेला होता. मालक फळ्यावर फायनलची दोन नावं मोठ्या अक्षरात लिहीत होता. दुसरं नाव एका दातांच्या डॉक्टरचं होतं. हा गृहस्थ तीन क्यूंची पिशवी घेऊन यायचा, प्रत्येक क्यू रुमालाने पुसायचा, आणि एककाठी रोज त्याला विचारायचा, "डॉक्टर, यातला रुग्णांना पकडून ठेवायचा कोणता?" लोक हसायचे. डॉक्टरही हसायचा, पण आवाज न करता.

मिस्त्रीण कधी क्यू घेऊन हॉलमध्ये येत नसे, लोकच तिच्याकडे जात. त्या दिवशी ती आली. एका हातात एककाठीचा क्यू आणि दुसऱ्या हातात भिंतीवरचा तो मुसळासारखा. चहाच्या टेबलांवरच्या माना वळल्या.

"टिप बसवली आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, फक्त सगळीकडे जाईल असा लावला. "कडीला चीर आहे. ही निळी रेघ बघा. खेळायला क्यू चांगला आहे. ब्रेकला वापरू नका, चिरेल. कडी बदलायची तर दोन दिवस ठेवा. नाही तर ब्रेकला हा घ्या. तुमच्या ओळखीचा आहे."

आणि तिने दादाचा क्यू पुढे केला.

सगळा हॉल एककाठीकडे बघत होता. त्याने तो क्यू घेतला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. मुकाट्याने दोन दिवस ठेवला असता तरी मिटली असती. पण माणसाला आपणच बांधलेल्या भिंतीतून दार कुठून काढायचं ते सुचत नाही, आणि मिस्त्रिणीने सगळा हिशेब त्यावरच केला होता.

"तुझ्या बापाचंच पालुपद तू लावलंस," तो हसत म्हणाला. "रेघ शाईची आहे, बाई. चीर क्यूला नसते, हाताला असते." आपला क्यू तिच्या हातातून घेऊन त्याने रेघ खालच्या बाजूला फिरवली. "एकाने भागतं."

"बरं," मिस्त्रीण म्हणाली आणि परत गेली.

गुरुवार गेला. शुक्रवारी दाराच्या फटीतून तिने त्याला सराव करताना पाहिलं. तीन ब्रेक केले, तिन्ही सणसणीत, आणि क्यूला काही झालं नाही. तिला त्या कडीचा संताप आला. एवढं चारचौघांत सांगितलेला दोष तग धरून बसतो म्हणजे काय? शनिवारी तिने जेवण टाकलं. नवरा म्हणाला, "बरं नाही का?" ती म्हणाली, "रविवारी बरं वाटेल."

रविवारी दुपारी सामना सुरू झाला. आधी नऊ डाव जिंकेल तो विजेता, आणि ब्रेक आलटून पालटून. मिस्त्रीण भिंतीशी उभी राहिली, बाबा उभे होते तिथेच. सोबत दादाचा ब्रेकचा क्यू आणि तिचा स्वतःचा खेळायचा क्यू आणला होता. डॉक्टर दर डावाला क्यू बदलत, पुसत, खडू लावत खेळत होता. एककाठी मजेत होता. एक, दोन, तीन ब्रेक त्याने केले. चौथा केला. पाचवा. प्रत्येक ब्रेकला मिस्त्रिणीची बोटं आपोआप आवळत. सहाव्या ब्रेकला तिने आवाज ऐकला, क्यूचा नेहमीचा ठण् नव्हे, त्याखालचा, ओलं लाकूड दाबल्यासारखा. हॉलमध्ये तो दुसऱ्या कुणालाच कळला नाही. सहा-सहा अशी बरोबरी झाली आणि ब्रेक एककाठीचा आला.

त्याने दंड मोकळे केले, वाकला आणि जीव खाऊन हाणला. पांढरा बॉल त्रिकोणाला जेमतेम शिवला. टिप उडून दिव्याच्या शेडला लागली, कडीचे दोन तुकडे कापडावर पडले, आणि क्यू टोकापासून वीतभर उभा चिरला.

डॉक्टरने रुमालाने आपला क्यू पुसला, पुढे झाला आणि तो डाव शांतपणे जिंकला. सात-सहा. मालकाने घड्याळ पाहिलं. "क्यू बदलायला पाच मिनिटं," तो म्हणाला. "नियम आहे."

"टिप नीट बसवली नव्हती हिने," एककाठी म्हणाला. चेहरा लाल झाला होता. "सूड उगवलाय. सगळ्यांनी बघा."

डॉक्टरने मान हलवली. "बुधवारी मी इथेच होतो," तो म्हणाला. "तिने सांगितलं होतं. तुम्ही रेघ खाली फिरवलीत, तेही पाहिलं."

चहाच्या टेबलाकडून दोघं-तिघं बोलले, हो, सांगितलं होतं, आम्हीही ऐकलं. बाबांना हे ऐकायला मिळालं नव्हतं. मिस्त्रिणीने एकेक शब्द कानांत साठवला.

हॉलचे क्यू भिंतीला लागून उभे होते, एकाहून एक वाकडे. एककाठीने त्यातले दोन उचलून पाहिले, टेबलावर लोळवले, परत ठेवले. मग तो तिच्यापाशी आला. आवाज खाली आणला होता.

"दे ते क्यू."

"कशाला?" मिस्त्रीण म्हणाली. "एकाने भागतं ना?"

"वेळ जातोय."

"माझा नाही जात."

मालक म्हणाला, तीन मिनिटं.

एककाठीने तिच्याकडे पाहिलं. चाळिशी उलटलेला माणूस, हातात चिरलेलं लाकूड, आणि मागे सगळा हॉल कान देऊन. "नाही भागत," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं त्यांना."

"एकाने नाही भागत," तो मोठ्याने म्हणाला. "ब्रेकला दुसरा लागतो. झालं?"

"मग माझ्या बाबांच्या क्यूला काय झालं होतं?"

इथे तो थांबला. मालकाने दोन मिनिटं म्हटलं. तेही संपत आलं. मिस्त्रिणीने दोन्ही क्यू छातीशी धरले होते आणि तिला घाई नव्हती, अकरा वर्षं गेली तिथे दोन मिनिटांचं काय.

"क्यू चांगला होता," एककाठी म्हणाला. "काठी मी मुद्दाम घरी ठेवली होती."

तिने दोन्ही क्यू त्याच्या हातात दिले. एककाठी दोन काठ्या घेऊन टेबलाकडे चालत गेला, आणि हॉलच्या मागच्या बाजूला कुणाला तरी हसू आवरलं नाही. ते सगळीकडे पसरायला वेळ लागला नाही.

डॉक्टरचा ब्रेक होता, डावही त्यानेच घेतला. आठ-सहा. मग एककाठीने दादाच्या क्यूने ब्रेक केला, आणि त्या दिवसातला सगळ्यात चांगला ब्रेक तो होता. बॉल चहूकडे पांगले, दोन आत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कोणाच्या, हे मिस्त्रिणीला ठाऊक होतं. तो डाव त्याने जिंकला, पुढचा हरला. नऊ-सात.

संध्याकाळी तो खोलीत आला. दोन्ही क्यू परत केले आणि चिरलेला तुकडा लेथवर ठेवला. आता त्याने भिंतीकडे पाहिलं. तिने खिळ्यावरचा बाबांचा तुकडा काढून शेजारी ठेवला. दोन्ही चिरा सारख्याच, टोकापासून वीतभर, सरळ.

"दुरुस्त होईल?" त्याने विचारलं.

तिने त्याचा तुकडा दिव्यापाशी धरला आणि डोळा बारीक करून पाहिला. हे वाक्य तिने इतक्या वेळा घोळवलं होतं की आता ते बोलताना जड वाटलं नाही.

"लाकडात दोष नाही," ती म्हणाली. "तुमचा हात गेलाय."

तो दारापर्यंत गेला आणि वळला. "त्या दिवशी एकटा मीच बोललो," तो म्हणाला. "तुझा भाऊ तिथेच उभा होता. त्याला विचार, तो का गप्प बसला." आणि गेला.

त्याला वाटलं असेल, जाता जाता हिला टोचलं. मिस्त्रिणीने बाबांचा तुकडा आणि दादाचा ब्रेकचा क्यू कापडात गुंडाळले, खोलीला कुलूप लावलं आणि दादाच्या घरी गेली. दादा आता पावाच्या बेकरीची गाडी चालवायचा. हॉलच्या रस्त्याने जावं लागू नये म्हणून अर्धा मैल वळसा घ्यायचा. तो जेवत होता, वहिनी वाढत होती. तिने गुंडाळी त्याच्या ताटाशेजारी ठेवून उघडली.

"सगळ्यांसमोर म्हणाला," ती म्हणाली. "क्यू चांगला होता. काठी मुद्दाम घरी ठेवली होती."

दादाचा घास हातातच राहिला. त्याचे डोळे भरून आले. घास ताटात ठेवून तो म्हणाला, "बाबा मला त्या दिवशी सकाळी..."

"माहीत आहे. मी मोरीपाशी होते."

वहिनीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि भांडं खाली ठेवलं. अकरा वर्षांत त्याची बहीण त्याच्याशी सणावाराला बोलली होती, हसली होती, तिने त्याच्या पोरांचे लाड केले होते, आणि हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते त्याला आता हळूहळू कळत होतं, आणि कळताना त्याचा चेहरा ती बारकाईने बघत होती.

"मला सांगू नकोस," मिस्त्रीण म्हणाली. "उद्या संध्याकाळी हॉल भरलेला असतो. तिथे येऊन सांग, बाबांनी तुला काय सांगितलं होतं."

दादाने वर पाहिलं. ती पुन्हा सांगेल, म्हणजे आपल्याला नाही म्हणता येईल, अशी वाट तो बघत होता. तिने चपला पायात घातल्या, वहिनीला येते म्हणाली आणि निघाली. दुसऱ्यांदा तिने सांगितलं नाही.